शेततळ्यावर सावली : कोणती, केव्हा आणि कशी निवडावी?

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात फळबागायतदारांच्या दृष्टीने शेततळे ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २००५-०६ मध्ये सुरू झाल्यानंतर सामूहिक शेततळी आणि २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून वैयक्तिक शेततळी मोठ्या संख्येने खोदली गेली. नाशिक, सोलापूर, सांगली, जालना या जिल्ह्यांतील द्राक्ष, डाळिंब व मोसंबीच्या अनेक बागा उन्हाळ्यात याच पाण्यावर तग धरतात. तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर घातल्याने जमिनीत मुरणारे पाणी थांबते. परंतु वरून उडून जाणारे पाणी थांबत नाही. बागेला पाण्याची सर्वांत जास्त निकड असते त्याच एप्रिल-मे महिन्यांत ही घट सर्वाधिक होते.

यावर उपाय म्हणून तळ्यावर शेडनेट ताणण्याकडे अनेक शेतकरी वळले आहेत. काहींना त्याचा चांगला फायदा झाला, तर काहींचे नेट पहिल्याच वळवात फाटले व खांबही उखडले. असे होण्याचे मुख्य कारण म्हणजे नेट निवडण्यावर जेवढा विचार होतो तेवढा ते पेलणाऱ्या सांगाड्यावर होत नाही. वास्तविक नेट हा या कामातील स्वस्त भाग आहे. निवड करावयाची असते ती सांगाड्याची, आणि तीही आपल्या तळ्याची रुंदी, गावचा वारा व उन्हाळ्यात प्रत्यक्ष उरणारे पाणी पाहून. ही निवड कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

पाणी किती उडते?

पाण्याच्या पृष्ठभागावर पडणारे ऊन, वाहणारा कोरडा वारा व हवेतील कमी आर्द्रता यांमुळे बाष्पीभवन होते. हवामान केंद्रावरील बाष्पीभवन पात्रातून पठारी भागात मे महिन्यात दररोज १० ते १२ मि.मी. किंवा त्याहूनही अधिक पाणी उडते. मोठ्या जलाशयासाठी हा आकडा सर्वसाधारणपणे ०.७ ने गुणतात. म्हणजे तळ्यातून दररोज सुमारे ७ ते ८.५ मि.मी. पाणी जाते असे धरावे.

हिशोबाचा नियम अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून एक मि.मी. पाणी उडाले म्हणजे एक लिटर पाणी गेले.

उदाहरणासाठी ३० × ३० × ३ मीटर आकाराचे, १:१ उताराचे तळे घेऊ. याचा तळ २४ × २४ मीटर असतो व त्यात सुमारे २१.९६ लाख लिटर पाणी मावते. हे तळे १ फेब्रुवारीला पूर्ण भरलेले आहे, दरमहा अर्धा मीटर पातळी खाली जाते व मे अखेर एक मीटर पाणी उरते असे समजू. खालील तक्त्यातील बाष्पीभवनाचे दैनंदिन आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत. आपल्या जवळच्या हवामान केंद्राचे आकडे मिळाल्यास ते वापरावेत.

तक्ता क्र. १ : ३० × ३० मीटर तळ्यातून उडणारे पाणी (अंदाजे)

| महिना | दररोज (मि.मी.) | महिन्यात (मि.मी.) | सरासरी पृष्ठभाग (चौ.मी.) | घट (लाख लिटर) |
|---|---|---|---|---|
| फेब्रुवारी | ४.५ | १२६ | ८७० | १.१० |
| मार्च | ६.० | १८६ | ८१२ | १.५१ |
| एप्रिल | ७.५ | २२५ | ७५६ | १.७० |
| मे | ८.० | २४८ | ७०२ | १.७४ |
| एकूण | | ७८५ | | ६.०५ |

याचा अर्थ साठवलेल्या पाण्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी बागेला न मिळताच जाते. सावलीमुळे यातील ६० टक्के पाणी वाचले तरी ३.६ लाख लिटर हाती राहते. डाळिंबाच्या एका झाडाला उन्हाळ्यात दररोज ४० लिटर पाणी धरल्यास ३०० झाडांना दिवसाला १२,००० लिटर लागते. म्हणजे वाचलेल्या पाण्यावर ही बाग ३० दिवस जगू शकते. पाऊस लांबलेल्या वर्षी बाग राहते की जाते, हे बहुधा याच ३० दिवसांत ठरते.

सावली करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात

१) तळे गळते का? पातळी झपाट्याने उतरत असल्यास सगळा दोष उन्हाला देऊ नये. पोहण्याच्या तलावांसाठी वापरली जाणारी बादलीची चाचणी येथेही उपयोगी पडते. एका बादलीत तळ्यातीलच पाणी भरून ती कडेला दोरीने बांधून, काठ थोडा वर राहील अशी तळ्याच्या पाण्यात ठेवावी. बादलीच्या आत पाण्याच्या पातळीची खूण करावी. तळ्याच्या पातळीसाठी खुणांची काठी लावावी. पाच दिवस तळ्यात पाणी सोडू नये व उपसू नये. नंतर दोन्हीकडील घट मोजावी. बादलीतील घट ही बाष्पीभवनाची असते. तळ्यातील घट त्यापेक्षा बरीच जास्त आढळल्यास अस्तराला छिद्र आहे असे समजावे व आधी ते जोडून घ्यावे. गळक्या तळ्यावर सावली करणे म्हणजे फुटक्या माठावर झाकण ठेवण्यासारखे आहे.

२) मार्च अखेर तळ्यात किती पाणी उरते? फेब्रुवारीतच तळे रिकामे होत असेल तर सावलीचा खर्च करू नये. एप्रिल व मे मध्ये तळ्यात जे पाणी उभे असते त्यावरच सावलीचा पैसा वसूल होतो.

३) दोन तळी असल्यास पाणी एकत्र करता येईल का? वरील आकाराची दोन तळी निम्म्या खोलीपर्यंत भरलेली असतील तर दोन्हींचा मिळून पृष्ठभाग १,४५८ चौरस मीटर होतो. तेच पाणी पंपाने एका तळ्यात घेतल्यास ते त्यात मावते व पृष्ठभाग सुमारे ८७० चौरस मीटर राहतो. म्हणजे केवळ पंप चालवण्याच्या खर्चात उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग ४० टक्क्यांनी कमी होतो. हा उपाय प्रथम करावा, सावलीचा विचार नंतर.

सावलीचे प्रकार

अ) वारा अडवणारी झाडे : उन्हाळ्यातील वारा प्रामुख्याने पश्चिम व वायव्येकडून येतो. त्या बाजूला गिरिपुष्प, शेवरी किंवा बांबूची दाट ओळ लावल्यास वाऱ्याचा वेग कमी होतो व दुपारनंतर काही भागावर सावलीही पडते. ओळ भरावाच्या बाहेरच्या पायथ्यापासून किमान ५ मीटर दूर असावी. मुळे भरावात शिरल्यास व पालापाचोळा पाण्यात पडल्यास नुकसान होते. या उपायाने होणारी बचत मर्यादित असते. परंतु पुढे नेट ताणले तर त्याला या झाडांचे संरक्षण मिळते. म्हणून हे काम तळे खोदल्याबरोबर करावे.

आ) वेलवर्गीय भाज्यांचा मांडव : तळ्याच्या कडेने दोडका, कारली, दुधी किंवा घोसाळी लावून वेल तारांवर चढवतात. सावलीसोबत भाजीचे उत्पन्न मिळते हा फायदा आहे. परंतु वेलही पानांवाटे पाणी उडवतात व ते पाणी तळ्यातूनच द्यावे लागते, हे विसरू नये. शिवाय वेलावर फवारलेले औषध थेट पाण्यात पडते. तळ्यात मासे असल्यास किंवा ते पाणी जनावरांना पाजत असल्यास मांडव टाळावा. ८ ते १० मीटर रुंदीपर्यंतच्या लहान तळ्यासाठीच हा प्रकार योग्य आहे.

इ) तारांवर ताणलेले शेडनेट : भरावाच्या बाहेर खांब रोवून, तळ्यावरून तारेचे दोर आडवे ताणून त्यावर नेट पसरतात. स्पेनच्या आग्नेय भागात शेतीसाठी पाणी साठवणाऱ्या तळ्यांवर अशा आच्छादनाचे प्रयोग झाले आहेत. त्यात दुहेरी काळ्या नेटमुळे बाष्पीभवनात सुमारे ८० ते ८५ टक्के घट झाल्याचे आढळले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये झालेल्या चाचण्यांत एकेरी नेटमुळे सुमारे ७० टक्के घट नोंदवली गेली. आपल्याकडे जोडांमधील फटी, कडेने शिरणारा वारा व झोळ लक्षात घेऊन ६० टक्के बचत धरणे शहाणपणाचे ठरते. अरुंद तळ्यासाठी हा सर्वांत चांगला प्रकार आहे.

ई) लोखंडी पाईपचा सांगाडा : शेडनेटगृहासारखा जी. आय. पाईपचा सांगाडा मजबूत असतो, परंतु त्याला मधले खांब लागतात. अस्तर घातलेल्या तळ्यात खांब उभे करणे म्हणजे अस्तराला धोका पत्करणे होय. त्यामुळे हा प्रकार ६ ते ८ मीटर रुंदीच्या हौदासाठी किंवा पंप व फिल्टर बसवलेल्या कोपऱ्यापुरता वापरावा.

उ) तरंगत्या चौकटी : दोन्ही टोके बंद केलेल्या पीव्हीसी पाईपच्या चौकटीवर नेट ताणून त्या पाण्यावर सोडतात. ९० मि.मी. व्यासाच्या पाईपची ३ × ३ मीटरची चौकट सुमारे ७६ लिटर पाणी विस्थापित करते. त्यामुळे नेटचे वजन ती सहज पेलते. याला खांब, दोर, पाया काहीच लागत नाही. मोठ्या व रुंद तळ्यासाठी हा प्रकार सोयीचा आहे.

ऊ) रासायनिक थर : सिटाइल अल्कोहोलसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ थर पाण्यावर पसरवण्याचे प्रयोग १९५० च्या दशकापासून ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत झाले. वारा सुटला की हा थर तुटून एका कडेला जमा होतो व पदार्थ पुन्हा पुन्हा टाकावा लागतो. वैयक्तिक शेततळ्यासाठी यावर भिस्त ठेवू नये.

प्लॅस्टिकचे तरंगते चेंडू किंवा सौर पट्ट्या यांविषयीही शेतकरी विचारणा करतात. लॉस एंजेलिस येथील जलाशयात २०१५ मध्ये सुमारे ९.६ कोटी काळे चेंडू सोडण्यात आले होते. त्यांचा मुख्य हेतू उन्हामुळे पाण्यात होणारी घातक रासायनिक क्रिया थांबवणे हा होता, पाण्याची बचत हा जोडफायदा होता. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील चंद्रासन येथे २०१२ मध्ये नर्मदा कालव्याच्या सुमारे ७५० मीटर लांबीवर सौर पट्ट्या बसवून एक मेगावॅटचा प्रकल्प उभारला गेला. ही मोठ्या संस्थांची कामे आहेत. त्यांचा खर्च एका तळ्यावर बसवणे अवघड जाते.

तळ्याच्या रुंदीवरून निवड

तक्ता क्र. २ : कोणत्या तळ्याला कोणती सावली?

| तळ्याची लहान बाजू | योग्य प्रकार |
|---|---|
| ८ मीटरपर्यंत | पाईपचा सांगाडा किंवा मांडव |
| ८ ते १५ मीटर | तारांवर ताणलेले नेट |
| १५ ते २० मीटर | तज्ज्ञाकडून आराखडा करून ताणलेले नेट किंवा तरंगत्या चौकटी |
| २० मीटरहून अधिक | तरंगत्या चौकटी |

येथे रुंदीला एवढे महत्त्व का, हे समजून घेणे आवश्यक आहे. आडव्या दोरावरील ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. झोळ तेवढाच ठेवून अंतर दुप्पट केले तर ओढ चौपट होते. समजा दोर दोन-दोन मीटरवर आहेत, वाऱ्याचा जोर नेटवर चौरस मीटरला १० किलो आहे व दोराला अर्धा मीटर झोळ आहे. अशा वेळी १२ मीटर अंतरासाठी एका दोरावर सुमारे ७२० किलो ओढ येते, तर २४ मीटर अंतरासाठी ती सुमारे २,८८० किलो होते. ३० मीटर रुंदीच्या तळ्यावर साधी तार व अडीच इंची पाईप वापरून नेट ताणण्याचा प्रयत्न का फसतो, ते यावरून लक्षात येईल.

वाऱ्याचेही असेच आहे. वाऱ्याला सामोऱ्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर ताशी ४० कि.मी. वेगाला सुमारे ७.५ किलो, तर ताशी ८० कि.मी. वेगाला सुमारे ३० किलो जोर येतो. वेग दुप्पट, जोर चौपट. बांधकामाच्या आराखड्यासाठी भारतीय मानकात पुणे व नाशिक येथे वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबई व नागपूर येथे ४४ मीटर धरला आहे. सेकंदाला ३९ मीटर म्हणजे ताशी १४० कि.मी. आडव्या नेटवर हा सगळा जोर येत नाही, कारण त्यातून बरीच हवा निघून जाते. परंतु वळवाचे वादळ नेमके एप्रिल-मे मध्ये, म्हणजे नेट तळ्यावर पसरलेले असतानाच येते, हे ध्यानात ठेवावे.

नवीन तळे खोदणाऱ्यांसाठी सूचना : सावली करण्याचा विचार असेल तर चौरस तळ्याऐवजी लांबट तळे खोदावे. ३० × ३० मीटर व १५ × ६० मीटर या दोन्हींचा वरचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटरच आहे. तीन मीटर खोलीच्या लांबट तळ्यात २०.६१ लाख लिटर पाणी मावते, म्हणजे चौरस तळ्यापेक्षा सुमारे ६ टक्के कमी. भरावाची लांबीही काहीशी वाढते. परंतु दोरांचे अंतर निम्मे होऊन ओढ चौथाईवर येते व ताणलेल्या नेटचा प्रकार आवाक्यात येतो.

नेटची निवड

१) रोपवाटिका किंवा भाजीपाल्यासाठी ५० टक्के सावलीचे नेट वापरतात, कारण रोपांना उजेड लागतो. पाण्याला उजेडाची गरज नाही. म्हणून तळ्यासाठी ७५ ते ९० टक्के सावलीचे नेट घ्यावे.

२) काळ्या नेटमधील कार्बनमुळे ते उन्हाला अधिक काळ टिकते व उजेडही चांगला अडवते. पांढरे किंवा चकचकीत नेट कमी तापते, पण महाग पडते. रंगापेक्षा अतिनील किरणांपासून संरक्षणाची हमी महत्त्वाची आहे. ती पावतीवर लिहून घ्यावी.

३) शेडनेटसाठी आयएस १६००८ हे भारतीय मानक आहे. पट्टीच्या धाग्याचे व गोल धाग्याचे असे त्याचे स्वतंत्र भाग आहेत. गोल धाग्याचे नेट सर्वसाधारणपणे अधिक टिकाऊ असते. खरेदी करताना केवळ भाव न पाहता चौरस मीटरचे वजन विचारावे.

४) संपूर्ण तळ्यावर एकच सलग नेट पसरू नये. दोन दोरांमध्ये एक याप्रमाणे पट्ट्या करून मध्ये १० ते १५ सें.मी. फट ठेवावी. वारा निघून जातो व एक पट्टी फाटली तरी इतर वाचतात.

ताणलेल्या नेटची उभारणी

१) खांब भरावाच्या माथ्यावर रोवू नयेत. तेथे अस्तर चरात गाडलेले असते. खांब त्या चरापासून किमान दीड मीटर बाहेर असावेत.

२) काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात व तिची पकड सुटते. पाया मुरमापर्यंत न्यावा. खड्डा ६० × ६० सें.मी. व किमान ९० सें.मी. खोल घेऊन काँक्रीट भरावे.

३) दोराची ओढ एकट्या खांबावर सोपवू नये. प्रत्येक खांबाला बाहेरच्या बाजूने ४५ अंशात ताण द्यावा व तो एक मीटरहून खोल गाडलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधावा. प्रत्यक्ष ओढ हा ठोकळा घेतो.

४) दोर तुटण्याची क्षमता हिशोबातील ओढीच्या किमान तिप्पट असावी. दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ करू नये. झोळ जेवढा कमी तेवढी ओढ जास्त. ताण कमी-जास्त करण्यासाठी प्रत्येक दोराच्या एका टोकाला टर्नबकल बसवावे.

५) नेट भरावाच्या माथ्यापासून ६० ते १०० सें.मी. उंचीवर ठेवून कडेच्या बाजूही नेटने बंद कराव्यात. कडेने वारा शिरल्यास सावली असूनही पाणी उडते. पंपाजवळ व पायऱ्यांजवळ उघडता येईल असा भाग ठेवावा.

६) नेट दोराला कड्यांनी अडकवावे, म्हणजे ते पडद्यासारखे सरकवता येते. कडी व नेट यांमधील बांधणी सुतळीसारख्या कमजोर धाग्याची करावी. जोराच्या वादळात सुतळी तुटून नेट मोकळे होते व खांब वाचतात. सुतळी पुन्हा बांधता येते, उखडलेला पाया पुन्हा घालणे खर्चाचे असते.

७) गारपिटीचा अंदाज असल्यास नेट एका बाजूला गोळा करावे. दाट नेटवर गारा साचून मोठे वजन पडते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात झालेली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत.

८) पावसाळा स्थिर झाल्यावर नेट काढून, धुऊन, सावलीत गुंडाळून ठेवावे व फेब्रुवारीत पुन्हा पसरावे. यामुळे नेटचे आयुष्य वाढते. उंदरांपासून मात्र जपावे.

तरंगत्या चौकटी वापरताना

तळे पूर्ण भरलेले असताना संपूर्ण पृष्ठभाग झाकण्याइतक्या चौकटी करू नयेत. पाणी उतरते तसा पृष्ठभाग आक्रसतो व जादा चौकटी उतारावर चढून अस्तराला घासतात. आपल्या उदाहरणातील तळ्यात एक मीटर पाणी उरल्यावर पृष्ठभाग ६७६ चौरस मीटर राहतो. त्यासाठी ३ × ३ मीटरच्या ६० चौकटी, म्हणजे ५४० चौरस मीटर आच्छादन पुरेसे आहे. तळे भरलेले असताना यामुळे ६० टक्के, तर मे अखेर ८० टक्के पृष्ठभाग झाकला जातो. उन्हाचा जोर वाढतो तसे आच्छादनाचे प्रमाणही आपोआप वाढते.

नेट पाण्याला टेकणार नाही असे पाईपच्या वरच्या बाजूने घट्ट ताणावे. सतत ओले राहणारे नेट स्वतःच पाणी उडवत राहते. चौकटीचे कोपरे गोल असावेत, तारेची टोके कोठेही बाहेर येऊ देऊ नयेत. चौकटी एकमेकींना सैल दोरीने जोडून चारही बाजूंच्या भरावाला बांधाव्यात, म्हणजे वाऱ्याने त्या एका कडेला जमा होत नाहीत.

मत्स्यपालन असलेल्या तळ्यात निम्म्याहून अधिक भाग झाकू नये. माशांचे नैसर्गिक खाद्य असलेल्या सूक्ष्म वनस्पतींना उजेड लागतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागल्यास प्राणवायू कमी पडतो आहे असे समजून आच्छादन ताबडतोब कमी करावे. मासे नसलेल्या तळ्यात मात्र उजेड अडल्याने शेवाळ कमी वाढते, ठिबक संचाचे फिल्टर वारंवार साफ करावे लागत नाहीत व अस्तरही उन्हापासून वाचते.

खर्चाचा हिशोब

नेट किती रुपयांना बसले, यापेक्षा हजार लिटर पाणी वाचवण्यास किती खर्च आला हे पाहावे. समजा नेटला ५० हजार रुपये लागले व ते पाच वर्षे टिकले, तर वर्षाचा खर्च १० हजार रुपये. सांगाड्याला दीड लाख रुपये लागले व तो १५ वर्षे टिकला, तर वर्षाचे १० हजार रुपये. मजुरी व दुरुस्ती ६ हजार रुपये. एकूण वर्षाला २६ हजार रुपये. यात ३.६ लाख लिटर पाणी वाचले तर हजार लिटरला सुमारे ७२ रुपये, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमागे ७२० रुपये खर्च पडला. हे आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी आहेत. आपल्या भागातील दरपत्रके घेऊन याच रीतीने हिशोब करावा व तो मे महिन्यातील टँकरच्या भावाशी ताडून पाहावा. सांगाडा दोनच वर्षांत कोसळला तर हाच खर्च अनेक पटींनी वाढतो, म्हणून सांगाड्यात काटकसर करू नये.

सुरक्षितता सर्वांत आधी

प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात पडलेल्या माणसाला ओल्या व निसरड्या उतारावरून वर येता येत नाही. पोहता येणारेही यात बुडाले आहेत. नेटमुळे हा धोका कमी होत नाही, उलट वाढू शकतो. लहान मुलांना नेट जमिनीसारखे भासते, परंतु ते माणसाचे वजन पेलत नाही. आणि नेटखाली पडलेले मूल काठावरून दिसत नाही. म्हणून पुढील तीन गोष्टी केल्याशिवाय नेट पसरू नये.

१) तळ्याभोवती किमान दीड मीटर उंचीचे जाळीचे कुंपण व कुलूप असलेले फाटक.

२) चारही बाजूंना भरावावर पक्क्या बांधलेल्या, तळापर्यंत पोचणाऱ्या गाठीच्या दोऱ्या.

३) फाटकाजवळ हवा भरलेली ट्यूब व लांब दोरी.

नेट बांधताना किंवा दुरुस्त करताना एकट्याने काम करू नये. कमरेला दोरी बांधावी व दुसरा माणूस भरावावर हजर असावा.

सारांश

सावलीचा विचार करताना क्रम असा ठेवावा : प्रथम गळती तपासावी, पाणी एका तळ्यात घ्यावे, एप्रिल-मे मध्ये किती पाणी उभे राहते ते पाहावे. त्यानंतर तळ्याच्या लहान बाजूवरून प्रकार ठरवावा. १५ मीटरपर्यंत ताणलेले नेट, रुंद तळ्यास तरंगत्या चौकटी. दोर व पाया यांचा हिशोब वाऱ्यावरून करावा व नेट सर्वांत शेवटी विकत घ्यावे. मोठ्या तळ्याच्या बाबतीत जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील किंवा कृषी विद्यापीठातील कृषी अभियंत्यांकडून आराखडा तपासून घ्यावा. फेब्रुवारीत सावली करायची असेल तर पाया व खांबांचे काम दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावे, म्हणजे काँक्रीटला मुरण्यास पुरेसा वेळ मिळतो आणि उन्हाचा तडाखा सुरू होण्यापूर्वी तळे झाकले जाते.